अंड्याचं कवच का बिघडतं? कोंबडीच्या शरीरातली संप्रेरकं, कॅल्शियम आणि विदर्भातला उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. काम वर्धा जिल्ह्यात, आणि घरामागे चाळीसेक गिरिराज व गावरान कोंबड्या. कवचाबद्दलचे प्रश्न मला वर्षभर येतात, पण होळी उलटली की त्यांचा पूरच येतो. बहुतेकांचा प्रश्न एका वाक्यात असतो: "डॉक्टर, कोणती कॅल्शियमची बाटली आणू?" बाटलीआधी विचारायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, म्हणून हे प्रश्न एकत्र केले. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, फक्त कुणाचं नाव-गाव ठेवलेलं नाही.

१. कवच नेमकं कशाचं असतं आणि बनायला किती वेळ लागतो?

जवळजवळ सगळं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे आपल्या चुनखडीचंच. त्यात प्रथिनांचं बारीक जाळं असतं. एका कवचाचं वजन ५ ते ६ ग्रॅम, त्यात कॅल्शियम सव्वादोन ग्रॅमपर्यंत. जाडी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर.

पूर्ण अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक अंडाशयातून सुटतो, मग अंडनलिकेत सुमारे तीन तासांत पांढरा भाग चढतो, पुढच्या तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे. उरलेले १८ ते २० तास अंडं एकाच ठिकाणी बसून राहतं. ती जागा म्हणजे कवचग्रंथी. कोंबडीनं सकाळी आठला अंडं घातलं, तर अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो आणि दुपारी एक-दीडला तो कवचग्रंथीत पोचतो. कवच जोरात चढतं ते दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत, म्हणजे कोंबडी खुराड्यात झोपलेली असताना. एवढं ध्यानात ठेवा, खालची निम्मी उत्तरं यातून निघतात.

२. कोंबडा नसला तर कवच कच्चं राहतं का?

नाही. कोंबडा फक्त पिलू निघण्यासाठी लागतो.

३. हॉर्मोन हॉर्मोन म्हणता, म्हणजे फार्मवाले कोंबडीला हॉर्मोनचं इंजेक्शन देतात हे खरं ना?

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. इथं ज्या संप्रेरकांबद्दल, म्हणजे हॉर्मोनबद्दल, लिहिलं आहे ती कोंबडीच्या स्वतःच्या शरीरात बनतात, तुमच्या परसातल्या गावरान कोंबडीतही आणि फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्नमध्येही. फार्मची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते ती पिढ्यान् पिढ्यांची निवड, मोजून दिलेलं खाद्य आणि प्रकाश यांच्या जोरावर. हिशेब करून पाहा: दहा हजार पक्षी एकेक करून पकडायचे, टोचायचे, आणि त्या घाबरगुंडीत अंडी कमी करून घ्यायची (प्रश्न १४ पाहा). असा धंदा कोण करील?

४. मग कोणतं संप्रेरक काय काम करतं? सोप्या भाषेत सांगा.

अंडाशयात द्राक्षाच्या घडासारखे बलकाचे लहान-मोठे गोळे लटकलेले असतात. बारीक गोळ्यांतून मुख्यतः इस्ट्रोजेन येतं. तेच घरातलं कर्तं माणूस. यकृताला ते बलकाची प्रथिनं आणि चरबी बनवायला लावतं, अंडनलिका वाढवतं, हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा घालून ठेवतं. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या रक्तात एकूण कॅल्शियम अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं, तेही याच्याच हुकमानं. त्यातलं बरंच कॅल्शियम बलकाच्या प्रथिनांना चिकटून फिरतं.

सगळ्यात मोठ्या, पिकलेल्या गोळ्यातून प्रोजेस्टेरॉन येतं. त्यामुळे मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक एकदम सोडते आणि त्यानंतर चार ते सहा तासांनी बलक सुटतो.

कवचाचं काम सुरू झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम भराभर उतरतं. कोंबडीच्या अख्ख्या रक्तात एका वेळी कॅल्शियम असतं पंचवीस-तीस मिलिग्रॅम, आणि कवचाला दर तासाला लागतं शंभरावर. म्हणजे रक्तातला सगळा साठा दर बारा-पंधरा मिनिटांनी नव्यानं भरावा लागतो. ही घट गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी ओळखतात. त्यांचं संप्रेरक हाडातला साठा फोडायला सांगतं आणि मूत्रपिंडाला जीवनसत्त्व डी३ पूर्ण कामाच्या रूपात आणायला लावतं. हे तयार डी३ आतड्यात आणि कवचग्रंथीत कॅल्शियम वाहून नेणारं एक प्रथिन बनवून घेतं. एरवी खाद्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम आतड्यातून आत जातं. कवच बनत असताना हेच प्रमाण सत्तरपर्यंत चढतं. उलट रक्तात कॅल्शियम फार वाढलं तर कॅल्सिटोनिन हाडं फोडणं थांबवतं.

शेवटी व्हॅसोटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन कवचग्रंथीचे स्नायू आवळतात आणि अंडं बाहेर येतं. मग शेजारणीला ऐकू जाईल एवढा कोकाटा.

५. कॅल्शियम हाडातून येतं म्हणता, मग कोंबडीची हाडं पोकळ नाही होत?

होतात, आपण निष्काळजी राहिलो तर. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी मांडीच्या व पायाच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळं, जाळीदार हाड तयार होतं. हा रात्रीसाठी बाजूला काढलेला साठा. इस्ट्रोजेन व पुरुष संप्रेरक यांच्या जोडीनं तो बनतो. रोज रात्री फुटतो, दिवसा पुन्हा भरतो. दिवसा भरायला कॅल्शियम मिळालं नाही तर कोंबडी मूळच्या भक्कम हाडाला हात घालते. वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी कवचांतून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर टाकते आणि तिच्या सगळ्या सांगाड्यात असतं सुमारे २० ग्रॅम. पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकाएकी पायांवरून बसतात, उचलताना हाड मोडतं, ते यामुळेच.

थोडं विषयांतर: हेच अंड्यापुरतं हाड २००५ साली टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या मांडीत सापडलं आणि ती मादी होती हे कळलं. आपल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडतं. तिकडून जाताना मला दर वेळी आपल्या खुराड्याची आठवण होते.

६. ग्रिट (चुनखडीची किंवा शिंपल्याची भरड) रोज देतो तरी कवच पातळ. काय चुकतं?

कधी देता आणि केवढं बारीक, हे आधी सांगा. ही चूक मी स्वतः एक आख्खा उन्हाळा केली आहे. सकाळच्या दाण्यात चुनखडीची मैद्यासारखी भुकटी मिसळायचो आणि दुपारपर्यंत काम झालं असं समजायचो. भुकटी तासा-दोन तासांत पोटातून पुढे सरकते. रात्री दोन वाजता कवचाला कॅल्शियम हवं तेव्हा आतड्यात काहीच नसतं, सगळा भार हाडांवर.

खडे हवेत, साधारण २ ते ४ मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. ते पेषणीत (पोटाचा दाणा दळणारा भाग) अडकून रात्रभर थोडे थोडे विरघळतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात एकूण कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असावं, त्यातला निम्म्याहून जास्त भाग खड्यांच्या रूपात, आणि तो दुपारी तीननंतर. वेगळ्या भांड्यात खडे ठेवले तर आणखी बरं. ज्या कोंबडीच्या पोटात कवच चढायला आलं आहे ती आपणहून तिकडे जाते. संध्याकाळी कोंबड्या चुन्यानं सारवलेल्या भिंतीला चोची मारताना दिसतात ना, ती भिंत त्यांचं भांडं झालेली असते. भिंत वाचवायची तर भांडं ठेवा.

७. खडे कुठून आणू? पानाचा चुना चालेल का? अंड्याची टरफलं?

पानाचा चुना किंवा कळीचा चुना अजिबात नको. तो दाहक आहे, चोच, अन्ननलिका, पोट सगळं पोळतो. लागते ती न भाजलेली चुनखडी. वणी, कोरपना, राजुरा भागात ती पायाखाली आहे, पण रस्त्यावरचा कुठलाही दगड फोडून घालू नका. खाद्याच्या दुकानात चाळलेली चुनखडी किंवा शिंपल्याची ग्रिट मागा. टरफलं चालतात, पण उकळून, वाळवून, जाडीभरडी कुटून. अख्खी टाकाल तर अंडी फोडून खायची खोड लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

८. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) आधीपासूनच लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य दिलं तर हाडं मजबूत होतील ना?

उलटं होतं. वाढत्या पिलांना एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. तीन-चार टक्क्यांचं खाद्य महिनोन् महिने गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात, पोटातल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो आणि तलंगा मरतात. साठा घालणारं इस्ट्रोजेन अजून आलेलंच नसतं, मग कॅल्शियम जाणार कुठं?

खाद्य बदलायची वेळ कोंबडीच सांगते. तुरा लाल व मोठा होतो (ते पुरुष संप्रेरकाचं काम) आणि शेपटीखालच्या दोन हाडांत दोन बोटं मावू लागतात (ते इस्ट्रोजेनचं). आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका पूर्वीपासून हेच बघून "आता पंधरा दिवसांत अंड्यावर येते" म्हणतात. त्या वेळी दोन-अडीच टक्के कॅल्शियमचं खाद्य सुरू करा आणि पहिली अंडी दिसली की पूर्ण लेअर खाद्य.

९. हिवाळ्यात अंडी का कमी होतात? बल्ब लावला तर?

नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा, जूनमध्ये साडेतेराच्या जवळ. कोंबडीच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. आंधळी कोंबडीसुद्धा अंडी देते ती यामुळे. दिवस लांबले की मेंदू पीयूषिकेला जागं करतो आणि तिथून प्रश्न ४ मधली सगळी साखळी सुरू होते. दिवस आखूड झाले की इस्ट्रोजेन उतरतं, साठा आटतो, अंडी थांबतात.

बल्ब लावा, नैसर्गिक उजेड धरून एकूण १४ ते १६ तास. पहाटे लावणं सोयीचं, कारण संध्याकाळी एकदम वीज गेली तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात अडकतात. एकदा वाढवलेला उजेड अंड्यावर असेपर्यंत कमी करायचा नाही. भारनियमनाच्या गावात बॅटरीवरचा एक छोटा एलईडी तेवढ्यासाठी ठेवा. वाढत्या तलंगांना मात्र उजेड वाढवू नका. लवकर अंड्यावर येतात, अंडी बारीक, आणि अंगात साठा नसतो.

१०. मे महिन्यात कवच कागदासारखं होतं. कॅल्शियम दुप्पट केलं तरी फरक नाही.

पडणारही नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अडचण फक्त कॅल्शियमची नसते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, आणि त्यातलं कार्बोनेट येतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि प्रत्येक धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड उडून जातो. रक्त अल्कधर्मी होतं, कार्बोनेटचा कच्चा माल घटतो, मोकळं कॅल्शियमही कमी होतं. शिवाय रक्त थंड व्हायला तुऱ्याकडे व कातडीकडे धावतं, कवचग्रंथीला कमी मिळतं. त्यात भूक मेलेली, म्हणजे खाद्यातलं कॅल्शियम पोटातच जात नाही. इतक्या ठिकाणी गळती असताना बाटली ओतून काय होणार?

नवतपात मी एवढं करतो. दाणा पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहानंतर, दुपारी भांडं रिकामंच, कारण पचनाची उष्णता वेगळी चढते. छपरावर पऱ्हाटी किंवा तनसाचा जाड थर, बाजूंना ओली पोती, पण वारा खेळता हवा. नुसता दमट कोंडवाडा जीव घेतो. पाणी माठातलं, दिवसातून तीन-चारदा बदलून. पाण्याची टाकी उन्हात असेल तर कोंबड्या ते कढत पाणी पीतच नाहीत. मध्यरात्री तासभर दिवा लावून दाणा-पाणी दिलं की चांगला फरक दिसतो, कारण रात्रीच हवा उतरते आणि रात्रीच कवच चढतं. मिठाचा थोडा भाग काढून त्याऐवजी खाण्याचा सोडा देतात, त्यातून गेलेलं बायकार्बोनेट भरून येतं. पण प्रमाण तुमचं खाद्य बघून पशुवैद्याकडून ठरवा, मूठभर टाकू नका.

११. कोंबडी चार दिवस अंडं देते, पाचव्या दिवशी सुट्टी. आणि रोज थोडं उशिरा. बिघाड आहे का?

बिघाड नाही. अंड्याला २४ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून रोजची वेळ पुढे सरकते. पण एलएच सोडण्यासाठी शरीराची ठरावीक खिडकी असते, साधारण रात्रीच्या आठ तासांची. वेळ सरकत त्या खिडकीबाहेर गेली की त्या दिवशी बलक सुटत नाही, एक दिवस खाडा, मग पुन्हा सकाळपासून सुरुवात. चांगल्या जातीत हा खाडा फार दिवसांनी येतो, गावरानमध्ये लवकर. दुपारी उशिरा घातलेल्या अंड्याचं कवच बहुधा जास्त मजबूत असतं. ते घडताना कोंबडीला दिवसाउजेडी खायला वेळ मिळालेला असतो.

१२. खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळतात, ते बरोबर का?

खुडूकपणा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा. ते वाढलं की एलएच दबतं, अंडाशय आखडतं, अंडी बंद. पोटाखालची अंडी आणि अंधारा कोपरा ते वाढतं ठेवतात. बुचकळल्यानं पोटाची ऊब तेवढ्यापुरती मोडते, पण कोंबडी भेदरते, आणि जानेवारीत तर आजारी पडेल. त्यापेक्षा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, घरट्याशिवाय चार-पाच दिवस ठेवा, दाणा-पाणी चालू. खुडूक मोडली की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. पिलं काढायची असतील तर मोडूच नका. तिच्याइतकं चांगलं उबवणी यंत्र दुकानात मिळत नाही.

१३. जुन्या कोंबडीचं अंडं मोठं आणि कवच पातळ, असं का?

वयाबरोबर अंडं मोठं होत जातं, पण कवचाला मिळणारा माल तेवढाच. तेवढ्याच गोळ्याची पोळी मोठी लाटल्यासारखं. शिवाय आतडं व हाडं संप्रेरकांच्या हुकमाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. पिसं गळायच्या काळात अंडाशय विश्रांती घेतं, अंडनलिका आखडते, आणि नंतरची अंडी कमी पण चांगल्या कवचाची येतात. त्या दिवसांत कोंबडीला "बसून खाते" म्हणून बाजारात नेऊ नका, खाद्यातलं प्रथिन चांगलं ठेवा.

१४. गावात लग्न होतं, रात्रभर डीजे. दुसऱ्या दिवशी दोन अंडी बिनकवचाची आणि बाकीची फिक्की. संबंध आहे का?

आहे. डीजे, दिवाळीचे फटाके, खुराड्याभोवती फिरणारं मुंगूस, सगळ्यांचा परिणाम एकच. भीतीनं अॅड्रेनालिन सुटतं. कधी अंडं वेळेआधीच बाहेर पडतं, मग ते लिबलिबीत. कधी उलट स्नायू अंडं धरून ठेवतात, मग त्यावर चुन्याचा जादा पांढरा थर बसतो. तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत चढतो, म्हणून गडबड झाली की रंग फिका पडतो. दोन-चार दिवसांत आपोआप सुधारतं. सुधारलं नाही तर प्रश्न १७ कडे जा.

१५. अंडं अडकलं आहे. गाईला पान्ह्यासाठी टोचतात ते इंजेक्शन देऊ का?

नको. त्यात ऑक्सिटोसिन असतं. कोंबडीचं स्वतःचं संप्रेरक व्हॅसोटोसिन आहे, ऑक्सिटोसिन तिच्यावर कमी चालतं. वाट अडलेली असताना जबरदस्तीनं कळा आणल्या तर अंडनलिका फाटू शकते. अडकण्यामागे पुष्कळदा कॅल्शियमच कमी असतं, कारण स्नायू आवळायलाही तेच लागतं. कोंबडीला कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, मागच्या बाजूला थोडं तेल लावा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. काही तासांत सुटली नाही तर पशुवैद्याकडे. तो कॅल्शियम टोचून प्रयत्न करील. पोट दाबून अंडं फोडू नका.

१६. औषध दिल्यावर कवच बिघडलं, हे होऊ शकतं?

सल्फा गटाची औषधं, जी रक्ती हगवणीत देतात, कवचग्रंथीत कार्बोनेट बनवणाऱ्या विकराला अडवतात. इथं संप्रेरकं ठीक, कॅल्शियमही ठीक, तरी कवच पातळ. अंड्यावरच्या कोंबडीला ती देऊच नयेत, त्यांचा अंश अंड्यात उतरतो. टेट्रासायक्लीन आतड्यात कॅल्शियमला चिकटून बसतं. मेडिकलवाल्याला विचारून पुडी आणण्याआधी कोंबड्या अंड्यावर आहेत हे तरी सांगा.

पावसाळ्यात बुरशी लागलेला मकाही याच यादीत घाला. त्यातलं विष यकृत खराब करतं, आणि बलकाची प्रथिनं बनवण्याचं व डी३ घडवण्याचं पहिलं काम यकृतातच होतं. ऊन भरपूर असलेल्या आपल्या मुलखात डी३ कमी पडत नाही असं वाटतं. पण ऊन कातडीत कच्चं डी३ बनवतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धड लागतात.

१७. खाद्य, उजेड, ग्रिट सगळं बरोबर. तरी आठवड्यात निम्म्या कोंबड्यांचं कवच बिघडलं.

मग संप्रेरकं सोडा, रोगाचा संशय घ्या. खाद्याचा दोष हळूहळू दिसतो, विषाणू एकदम. कवच वळकट्यांचं, पांढरा भाग पाण्यासारखा आणि कोंबड्या शिंकतायत, तर संसर्गजन्य ब्राँकायटिस. कोंबड्या ठणठणीत, पण रंग उडालेली, मऊ, बिनकवचाची अंडी, तर एग ड्रॉप सिंड्रोम. हिरवट हगवण, माना वाकड्या, मरतूक, तर मानमोडी (राणीखेत). या विषाणूंनी अंडनलिकेलाच इजा होते, तिथं कॅल्शियमचा इलाज नाही. ब्राँकायटिस पिलू असताना झाला असेल तर कोंबडी मोठी होऊन धडधाकट दिसते, आणि कधीच नीट अंडं देत नाही. मानमोडीसाठी लासोटाची लस वेळेवर द्या. नवी कोंबडी आठवडी बाजारातून आणली तर दोन आठवडे वेगळी बांधा.

१८. कडकनाथचं अंडं काळं असतं ना? मला पांढरट विकलं, फसवलं का?

फसवलं नाही. कडकनाथची कातडी, मांस, हाडांवरचं आवरण काळसर असतं, पण कवचाचा रंग कवचग्रंथी वेगळा ठरवते. अंडं फिक्या मातकट किंवा साईच्या रंगाचंच येतं. काळं अंडं कुणी दाखवलं तर आधी ओल्या फडक्यानं पुसून बघा.